बैठ्या किडीचे धावते वैरी

सीताफळ फोडण्याआधी त्याच्या डोळ्यांमधल्या खाचा जरा निरखून पाहा. पुष्कळदा तिथे पांढरा, भुरभुरीत थर असतो. आपण फळ नळाखाली धरतो, थर बोटाने चोळून काढतो आणि खायला बसतो. हाच थर कुंडीतल्या जास्वंदीच्या शेंड्यावर दिसतो, द्राक्षाच्या घडात देठापाशी शिरतो, पेरूच्या पानामागे पसरतो. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. त्याची चुलत भावंडे लिंबाच्या फांदीवर, उसाच्या कांड्यावर, आंब्याच्या पानावर बारीक खपल्या होऊन चिकटलेली असतात. ती खवले कीड. अशी एखादी खपली नखाने अलगद उचलली, तर खाली पिवळसर मऊ ठिपका दिसतो. त्याचे डोके कुठे, पाय कुठे, काही कळत नाही. हा ठिपका म्हणजे पूर्ण वाढ झालेली मादी आहे. तिने पाय टाकले, मिशा टाकल्या, पंख तर तिला कधी नव्हतेच. तरीही तिच्या गोताने जगभरातल्या बागा आणि राने व्यापली आहेत.

या गोतात आठ हजारांहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. मावा, पांढरी माशी, तुडतुडे हे त्यांचे नातेवाईक. सगळेच झाडात सोंड खुपसून रस पिणारे. मोठ्या नुकसानीच्या बातम्यांतून आपल्याला त्यांची नावे कळतात. पण आपल्या मूळ गावी, मूळ झाडावर, यांतले बहुतेक जीव चारदोन संख्येने गुमान राहतात. तिथे त्यांच्या मागावर सतत कोणी ना कोणी असते. ते मागावरचे दूर झाले की हाच जीव कोटींनी वाढतो आणि मग आपण त्याला कीड म्हणतो. म्हणून एकट्या किडीची गोष्ट अर्धीच राहते. उरलेली अर्धी तिच्या वैऱ्यांची आहे आणि ती कमी विस्मयाची नाही.

पाय एकाच प्रवासापुरते

खवले किडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पण त्याला सहा पाय असतात, मिशा असतात, डोळे असतात. ते रांगू लागते. आयुष्यभराचा मुक्काम निवडायला त्याच्याकडे थोडाच वेळ असतो, काही तास किंवा फार तर एकदोन दिवस. जवळची कोवळी फांदी मिळाली तर ठीक. नाहीतर वाऱ्यावर उडून, पक्ष्याच्या पायाला चिकटून, माणसाच्या कपड्यांवरून किंवा कलमाच्या काडीवर बसून ते दुसऱ्या झाडावर पोचते. बहुतेक पिल्ले वाटेतच संपतात.

जागा सापडली की पिल्लू तोंडातल्या सुया झाडात उतरवते. या सुया केसापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि कित्येक जातींत अंगाच्या लांबीच्या अनेक पट लांब. वापरात नसतात तेव्हा त्या शरीरातल्याच एका पिशवीत वेटोळे घालून ठेवलेल्या असतात. सुया एकदा आत गेल्या की कवचधारी खवल्यांची मादी पुन्हा कधी हलत नाही. पहिली कात टाकताना तिचे पाय जातात, मिशांच्या जागी नुसते उंचवटे उरतात. अंगातून पाझरणारे मेण आणि टाकलेली कात एकत्र करून ती डोक्यावर ढाल बांधते, अंगाबरोबर ती ढालही वाढवत नेते, तिच्याखालीच अंडी घालते आणि तिथेच मरते. पिठ्या ढेकणाची मादी पाय राखून असते, पण तीही रेंगाळतच चालते. तिच्या अंगावर मेणाची भुकटी आणि मागे कापसासारखी पिशवी असते. त्या पिशवीत शेकडो अंडी.

नराची कथा अगदीच वेगळी. सुरुवातीला तो बहिणींसारखाच दिसतो. पुढे खाणे थांबवतो, कोषासारख्या अवस्थेत जातो आणि बाहेर पडतो तो नाजूक, पंखांची एकच जोडी असलेला उडता कीटक होऊन. त्याला तोंड नसते. हाती असलेल्या एकदोन दिवसांत मादीच्या गंधावर माग काढत तिला गाठायचे, एवढेच त्याचे काम. नर आणि मादी शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसणार नाही.

त्याच्या पेशींत डोकावले तर आणखी एक नवल दिसते. पिठ्या ढेकणाच्या नराला आईकडून एक आणि बापाकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच मिळतात. पण बापाकडून आलेला संच तो गर्भात असतानाच घट्ट आवळला जातो, मुका होतो आणि शुक्राणू तयार होताना टाकून दिला जातो. म्हणजे नर पुढच्या पिढीला जो वारसा देतो तो निव्वळ आपल्या आईचा. बापाचा वारसा मुलापाशी येऊन संपतो. ऑस्ट्रेलियात उगम असलेल्या आयसेरिया नावाच्या, कापशी पिशवी वाहणाऱ्या खवल्याने तर याहून पुढची मजल मारली आहे. त्यातली मादी दिसणारी प्रत्येक व्यक्ती स्वतःच शुक्राणूही तयार करते आणि स्वतःची अंडी स्वतःच फळवते. कीटकसृष्टीत हे फार दुर्मीळ आहे. याचा अर्थ असा की एखाद्या नव्या देशात एकच पिल्लू उतरले तरी पुरते.

साखर फार, सत्त्व थोडे

पिठ्या ढेकूण, मऊ खवले आणि मावा झाडाच्या ज्या नळ्यांत सुई घालतात, त्यांतून पानात तयार झालेली साखर वाहत असते. गोड, आयते आणि न संपणारे अन्न. पण त्यात प्रथिने घडवायला लागणारी अमिनो आम्ले फार कमी असतात. नुसत्या सरबतावर शरीर उभे राहील कसे?

उत्तर किडीच्या पोटात आहे. तिच्या शरीरातल्या खास पेशींमध्ये जिवाणू राहतात आणि ते कमी असलेली अमिनो आम्ले बनवून देतात. लिंबूवर्गावरच्या पिठ्या ढेकणात २००१ साली यापुढचा थक्क करणारा शोध लागला: पेशीत एक जिवाणू आणि त्या जिवाणूच्या आत दुसऱ्या जातीचा जिवाणू. बाहेरच्या जिवाणूचे नाव ट्रेम्ब्लाया, आतल्याचे मोरानेला. ट्रेम्ब्लायाचा जनुकसंच जेमतेम १ लाख ३९ हजार अक्षरांचा आहे. माणसाचा सुमारे ३०० कोटींचा. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर तो एकटा जगूच शकत नाही. एखादे अमिनो आम्ल बनवायचे तर काही पायऱ्या आतला जिवाणू करतो, काही बाहेरचा, काही कीटक स्वतः. सीताफळावरून आपण ज्यांना नळाखाली धुऊन टाकतो त्यांच्या जातभाईंच्या या खास पेशींत अशी तिहेरी भागीदारी चाललेली असते.

सत्त्व मिळवण्यासाठी रस मात्र भरपूर प्यावा लागतो आणि नको असलेली साखर बाहेर टाकावी लागते. हाच तो पानांवरचा चिकटा. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. नागपूरकडचे संत्रा बागायतदार काळ्या माशीमुळे येणाऱ्या अशा बुरशीला कोळशी म्हणतात. बुरशी पानात शिरत नाही, पण पानावर पडणारे ऊन अडवते, आणि उपाशी झाड आणखी उपाशी होते.

याच चिकट्यासाठी मुंग्या येतात. त्या साखर गोळा करतात आणि मोबदल्यात किडीला राखण देतात. कीड खाणारा ढालकिडा नावाचा भुंगेरा फांदीवर आला तर त्याला चावून हाकलतात, काही वेळा पिल्लांना उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की पिठ्या ढेकूण शोधावा. ही रांग पुष्कळदा किडीची पहिली खूण असते.

ढालीला तोड

मेणाची ढाल, कापसाची पिशवी, मुंग्यांचा पहारा. इतक्या बंदोबस्तावर मात करणारे वैरी कसे असतील?

पहिला क्रिप्टोलिमस. चार मिलिमीटरचा, काळसर अंगाचा आणि नारिंगी डोक्याचा हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो भारतात आणला गेला, कॉफीवरच्या हिरव्या खवल्यांसाठी. ते काम त्याला फारसे जमले नाही, पण पिठ्या ढेकणावर तो असा रुळला की आज महाराष्ट्रात द्राक्ष, सीताफळ आणि पेरूच्या बागांत सोडण्यासाठी तो प्रयोगशाळांत वाढवला जातो. याची मादी पिठ्या ढेकणाच्या अंड्यांच्या पिशवीतच आपली अंडी घालते. बाहेर पडणाऱ्या अळीच्या अंगावर लांब पांढरे मेणाचे धागे असतात. ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि त्या वेशात मुंग्यांच्या पहाऱ्यातून वावरते. दुःखाची गोष्ट अशी की या वेशाला माणसेही फसतात. ‘केवढा मोठा ढेकूण झालाय’ म्हणत अनेक जण आपल्याच राखणदाराला चिरडतात.

दुसरे हिरवे जाळीदार पंखांचे क्रायसोपा. त्यांच्या अळ्यांना विळ्यासारखे पोकळ जबडे असतात. ते मावा किंवा पिल्लू पकडतात आणि त्यातला रस शोषून घेतात. अमेरिकेत थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली यांच्यातल्या एका जातीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ही अळी लोकरी माव्याच्या अंगावरची पांढरी लोकर ओरबाडून स्वतःच्या पाठीवर चढवते. संशोधकांनी ती लोकर उतरवली, तेव्हा पहाऱ्यावरच्या मुंग्यांनी उघड्या अळीला लगेच ओळखले आणि पकडून बाहेर काढले. लोकर पांघरलेल्या अळ्या मात्र त्याच मुंग्यांच्या देखत मावा खात राहिल्या.

तिसरा वैरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात विलक्षण: परोपजीवी गांधीलमाश्या. गांधीलमाशी म्हटल्यावर डंख आठवतो, पण या मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असतात आणि माणसाला चावत नाहीत. मादी खवल्यावर चढते, मिशांनी तो ठोकून पाहते. आत आधीच दुसरीचे अंडे असेल तर बहुधा ते तिला कळते आणि ती पुढे जाते. मनाजोगा यजमान मिळाला की ढालीतून नळी आत घालून ती अंडे ठेवते. अळी किडीला आतून खाते. उरते ते फुगलेले, कडक, तपकिरी कवच. काही दिवसांनी त्याला गोल भोक पडते आणि नवी गांधीलमाशी बाहेर येते.

या माश्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी जन्मते आणि न फळलेल्यातून नर. म्हणजे मुलगी की मुलगा हे आई अंडे घालताना ठरवते. कित्येक जातींत ती मोठ्या, भरपूर खाद्य असलेल्या यजमानात मुलगी ठेवते आणि लहानात मुलगा. कॉकोफॅगस आणि एन्कार्शिया या गटांतल्या बऱ्याच जातींत तर मुलगी खवल्यात किंवा पांढऱ्या माशीच्या पिल्लात वाढते आणि मुलगा आपल्याच जातीच्या, आत वाढत असलेल्या मादी अळीला खाऊन मोठा होतो. हे वाचून अंगावर काटा येतो. पण लिंबाच्या एका पानाच्या मागे हेच रोज, मुकाट्याने चाललेले असते.

१२९ भुंगेरे

आपण आधी पाहिलेला आयसेरिया खवला १८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात पोचला. पुढच्या वीस वर्षांत त्याने तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या करून टाकल्या. शेतकऱ्यांनी झाडे धुतली, जाळली, तोडली. अखेर झाडावर तंबू टाकून आत सायनाइडचा विषारी वायू सोडायची वेळ आली.

अमेरिकी कृषी खात्याचे प्रमुख कीटकतज्ज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियात इतका धुमाकूळ का घालत नाही? तिला तिथे आवरणारे कोणीतरी असणार. ते शोधायला माणूस पाठवावा तर कीटकतज्ज्ञांच्या परदेशवारीवर खर्च करायला सरकारी मनाई. अखेर १८८८ साली मेलबर्नला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या खर्चात बसवून आल्बर्ट कोबेले यांना बोटीत बसवले गेले.

कोबेले मुख्यतः एका परोपजीवी माशीच्या शोधात होते. पण ऑक्टोबरमध्ये ॲडलेडमध्ये त्यांना या खवल्यावर ताव मारणारा एक लहानसा लाल-काळा ढालकिडा दिसला. शास्त्रीय जगात तो रोडोलिया कार्डिनॅलिस म्हणून ओळखला जातो. शेतकऱ्यांत व्हेडेलिया हे जुने नाव रूढ झाले. कोबेले यांनी माश्यांबरोबर हे भुंगेरेही पाठवले. समुद्रप्रवासातून जिवंत पोचलेले पहिले भुंगेरे मोजून १२९ होते. लॉस एंजेलिसमधल्या एका बागेत, तंबूने झाकलेल्या संत्र्याच्या झाडावर ते सोडले गेले. १८८९च्या एप्रिलपर्यंत त्या झाडावर खवला उरला नव्हता. तंबू उघडला. जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक भुंगेरे शेतकऱ्यांना वाटून झाले आणि वर्ष संपायच्या आत बागा सावरल्या.

हे इतके झटपट का घडले? व्हेडेलिया आयसेरियाशिवाय जवळजवळ काही खात नाही, तो उडत जाऊन नवी झाडे शोधतो आणि खवल्याची एक पिढी पुरी व्हायच्या आत त्याच्या एकाहून जास्त पिढ्या होतात. खवल्याची सगळी ताकद एका जागी घट्ट बसण्यात आहे. ज्याला ढाल भेदता येते त्याच्यासाठी मात्र हलता न येणारे भक्ष्य म्हणजे मांडून ठेवलेले ताट. याच कोबेले यांनी पुढे १८९१-९२च्या ऑस्ट्रेलियावारीतून क्रिप्टोलिमसही कॅलिफोर्नियात आणला.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती विजयाची झाली असती. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या बागांत इतर किडींसाठी डीडीटी फवारले जाऊ लागले. त्याने व्हेडेलिया मेला, खवला बराचसा वाचला आणि अर्ध्या शतकानंतर तोच खवला पुन्हा उसळला. फवारणी बदलून, भुंगेरे परत आणून सोडल्यावरच तो आवरला गेला. त्याआधी, १९१४ सालीच, ए. एल. मेलँडर यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांवरच्या सॅन होजे खवल्याबद्दल इशारा दिला होता की चुना-गंधकाची फवारणी त्याच्यावर पूर्वीसारखी चालत नाही. कीटक कीटकनाशकाला दाद देईनासे होतात याची ही पहिली शास्त्रीय नोंद. या दोन घटनांत आधुनिक शेतीची मोठी अडचण सामावली आहे. विषाने कीड बहुधा पूर्ण मरत नाही. वैरी मात्र पुष्कळदा जास्त मरतो. आणि किडीची संख्या वैऱ्याहून बहुधा आधी भरून निघते, कारण वैऱ्याला जगायला आधी कीड लागते.

पपई आणि ऊस

आपल्याकडे हीच कथा अगदी अलीकडे घडली. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइम्बतूरला पहिल्यांदा सापडला. पाहता पाहता तो पपई, तुती, टॅपिओका, कापूस अशा कितीतरी झाडांवर पसरला, महाराष्ट्रातही आला. फळे पांढऱ्या मेणाने झाकून जात. तुतीची पाने गेल्याने रेशीम शेतकऱ्यांच्या अळ्या उपाशी राहू लागल्या. लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या आणि मेणाच्या थराखाली ढेकूण शाबूत राहिला.

मग बंगळूरूतल्या, आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०१० साली पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्या आधी बंदिस्त जागेत वाढवल्या, इथल्या उपयोगी कीटकांना त्यांच्यापासून धोका नाही ना हे तपासले आणि मग शेतांत सोडल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये नावाची माशी सर्वांत सरस ठरली. ती डोळ्यांना जेमतेम दिसते. पण काही महिन्यांत जिथे तिथे पिठ्या ढेकणाची कडक, भोक पडलेली कवचे दिसू लागली आणि कीड इतकी ओसरली की आज नव्या पपई बागायतदारांपैकी अनेकांना त्या दिवसांची कल्पनाही नसेल.

आफ्रिकेत हेच फार मोठ्या पटावर घडले होते. १९७०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या एका पिठ्या ढेकणाने टॅपिओका म्हणजे कसाव्याचे पीक उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. कोट्यवधी माणसांचे रोजचे अन्न त्या कंदावर अवलंबून. हान्स हेरन या स्विस शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पॅराग्वेतून एक गांधीलमाशी आणली आणि १९८१पासून ती देशोदेशी सोडली. कीड आवरली. १९९५चे जागतिक अन्न पारितोषिक हेरन यांना याच कामासाठी मिळाले.

सगळे वैरी परदेशातून आणावे लागतात असेही नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यातून सुरू होऊन दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या उसावर पांढरा लोकरी मावा पसरला. उसाच्या पानामागे मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. उंच वाढलेल्या फडात शिरून फवारणी करणे जवळपास अशक्य. अशा वेळी डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचे तपकिरी जाळीदार पंखांचे कीटक तिथल्या फडांतच मावा फस्त करताना आढळले. कृषी विद्यापीठे, साखर कारखाने आणि शेतकरी यांनी मिळून हे मित्रकीटक वाढवले आणि जिथे ते नव्हते तिथे नेऊन सोडले. मित्रकीटक असलेले उसाचे पान कापून शेजाऱ्याच्या फडात बांधणे ही त्या दिवसांतली मोठी मदत होती. ईशान्य भारतातून आणलेल्या एन्कार्शिया या गांधीलमाशीनेही पुढे हातभार लावला. लोकरी मावा नाहीसा झाला नाही. तो आवाक्यात आला. शेतीत यालाच यश म्हणायचे.

खवला जेव्हा आपल्या बाजूचा असतो

हा सगळा खेळ उलट्या बाजूनेही चालतो. निवडुंगावर जगणारी कोचिनियल कीड हीसुद्धा एक खवल्यांचीच जात. तिच्या अंगातला लाल रंग एके काळी सोन्याच्या मोलाने विकला जाई. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग भारतात पिकवायचा होता म्हणून १७९५ साली ब्राझीलहून ही कीड कलकत्त्यात आणली गेली. पण आलेली जात वेगळी निघाली. चांगला रंग तिने दिला नाही. उत्तर आणि मध्य भारतात माजलेला एका जातीचा निवडुंग मात्र तिने जवळजवळ संपवला. पुढच्या शतकात ती मुद्दाम दक्षिणेत आणि मग श्रीलंकेत नेली गेली. तणावर कीड सोडून तण आवरण्याच्या प्रयत्नांचा इतिहास इथून सुरू होतो.

आपल्या दख्खनच्या माळांवर दिसणाऱ्या फड्या निवडुंगावर मात्र ती जात चालली नाही. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनियलची दुसरी जात आणली गेली आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातले सुमारे ४० हजार हेक्टरांवरचे निवडुंगाचे रान तिने मोकळे केले. जीव तोच, सवय तीच. एका झाडावर बसला तर शत्रू, दुसऱ्यावर बसला तर मित्र.

लाखेचा कीटकही खवल्यांच्याच गोतातला. महाभारतातले लाक्षागृह ज्या द्रव्याचे, तेच हे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर हजारो माद्या शेजारी शेजारी बसून आपल्याभोवती राळेसारखा स्राव सोडतात आणि त्याची जाड साल तयार होते. ती खरवडून लाख मिळते. बांगड्या, लाकडाची झिलई, गोळ्यांवरचा थर आणि प्लास्टिक येण्याआधीच्या ग्रामोफोनच्या तबकड्या याच स्रावातून घडल्या. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या रानांत आजही लाख घेतली जाते. लाख पिकवणाऱ्याचे शत्रू कोण? खवला खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या. सीताफळवाला ज्यांच्या जातभाईंची वाट पाहतो, त्यांनाच लाखवाला हाकलतो.

पान उलटून पाहताना

आपल्या कुंडीतल्या झाडासाठी किंवा शेतासाठी यातून घेण्याजोगे बरेच आहे. पहिले काम मुंग्यांचे. त्यांची वर जाणारी वाट बंद केली तर ढालकिडे आणि गांधीलमाश्या निर्धास्तपणे काम करू लागतात. द्राक्षबागायतदार ओलांड्यावरची सुटी साल काढतात, कारण पिठ्या ढेकूण तिच्याखाली लपतो. कीड थोडी असेल तर पाण्याची जोरदार धार, ओल्या फडक्याने पुसणे, फार माखलेला शेंडा कापून नष्ट करणे हे पुरते. रोप विकत आणताना किंवा पाहुण्याकडून कलम आणताना पानांमागे आणि पेऱ्यांत नीट पाहणे हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, कारण या न चालणाऱ्या जीवांना दूरच्या प्रवासाला नेणारे बहुतेकदा आपणच असतो.

आणि फवारणी करायचीच असेल तर आधी भिंग घेऊन त्या वसाहतीकडे पाच मिनिटे बघा. तपकिरी, फुगलेली, गोल भोक पडलेली कवचे दिसली तर गांधीलमाशी पोचली आहे. पांढऱ्या धाग्यांचा एखादा ‘ढेकूण’ बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठा असेल आणि लगबगीने चालत असेल तर ते क्रिप्टोलिमसचे बाळ आहे. पानाला चिकटलेल्या नाजूक देठांच्या टोकावर बारीक अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. यातले काही दिसले तर आठवडाभर थांबण्यात शहाणपण आहे. काहीच दिसले नाही तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून मित्रकीटक मिळवता येतात, आणि औषध निवडावे लागलेच तर मित्रांना कमीत कमी झळ पोचवणारे निवडता येते.

झाडावर येणारी कीड आणि तिचा वैरी यांचा हिशेब आपल्याआधी कोट्यवधी वर्षे चालू होता. त्यात आपण रोज हात घालतो, पंपाने, कलमाने, बोटीने, विमानाने. हात घालायला हरकत नाही. कोबेले यांनी घातला, बंगळूरूच्या शास्त्रज्ञांनी घातला, सांगलीच्या शेतकऱ्यांनीही घातला. त्या सगळ्यांनी आधी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. तेवढे पाहायला भिंग, थोडा धीर आणि पान उलटायची सवय पुरते.